दारातली जागा

त्या दिवशी विद्यापीठाचा सुतार मुलींच्या वसतिगृहात एक दार तासत होता. दार खाली घासत होतं, म्हणून त्यानं ते बिजागऱ्यांवरून उतरवून दोन स्टुलांवर आडवं टाकलं होतं. रंध्याच्या आवाजात मागून कोणी आल्याचं त्याला कळलं नाही. विद्यापीठाच्या फाटकावरचा वॉचमन समोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याची टोपी त्याच्या हातात होती. वॉचमन टोपी कधी काढत नसे. टक्कल दिसतं म्हणून तो जेवतानाही ती डोक्यावर ठेवायचा, आणि त्यावरून सुतार त्याला रोज काहीतरी ऐकवायचा.

"चल मिस्त्री," वॉचमन म्हणाला. "तळघरात. वहिनींना बरं नाही."

"काय झालं?"

"तू चल तर आधी."

सुतार रंधा हातात घेऊनच निघाला. अर्ध्या वाटेत त्याच्या ते लक्षात आलं, पण खाली कुठे ठेवायचा ते सुचेना. जीवशास्त्राच्या इमारतीत खाली उतरणारा जिना, खालचा लांब बोळ, बोळात भिंतीला टेकून उभी असलेली माणसं. त्याला बघून सगळ्यांनी वाट दिली. बाजारात, बसमध्ये, कचेरीत, सुताराला कधी कोणी अशी वाट दिली नव्हती.

बायको बोळात चादरीवर होती. तोंडाला मुखवटे लावलेली अग्निशामक दलाची माणसं तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली होती आणि आता काहीच करत नव्हती. एका हातात तिचा जाड निळा हातमोजा तसाच होता. चेहरा दुपारी डुलकी लागल्यासारखा. कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

"तिला थंडी वाजत असेल," सुतार म्हणाला. "अंगावर काहीतरी घाला की."

कोणी हललं नाही. तेव्हा त्याला कळलं.

बायको जीवशास्त्र विभागात साहाय्यक होती. ती ज्या खोलीत गेली, त्या खोलीत कमरेएवढ्या उंचीच्या टाक्या होत्या. संशोधनासाठी लागणारी बियाणं, पेशी, जनावरांच्या रक्ताचे नमुने, असलं काय काय त्यांत गोठवून ठेवलेलं असायचं. ते गोठलेलं राहावं म्हणून टाक्यांत दर आठवड्याला पातळ केलेला, बर्फाहून कितीतरी थंड नायट्रोजन भरायचा. नायट्रोजन हे काही विष नाही. आपण घेतो त्या श्वासात जास्त करून तोच असतो, असं बायकोनंच त्याला सांगितलं होतं. पण बंद खोलीत तो सांडला, उडाला, तर चांगली हवा बाहेर ढकलतो. वास येत नाही. खोकला येत नाही. जीव घुसमटतोय असंही वाटत नाही. माणूस नुसता खाली बसतो.

म्हणून त्या खोलीत एकट्यानं जायचं नाही. ही पद्धत बायकोनंच पाडली होती. एकानं आत जायचं, एकानं दारात बसायचं, आणि दोघांनी बोलत राहायचं. दारातल्यानं विचारायचं, आतल्यानं उत्तर द्यायचं. काल काय खाल्लंस, चप्पल कुठून घेतलीस, काहीही. उत्तर आलं नाही तर दारातल्यानं आत पाऊल टाकायचं नाही. घंटेचं बटण दाबायचं आणि वर पळत जाऊन माणसं बोलवायची.

"जो ओढायला आत जातो तो शेजारीच झोपतो," ती म्हणायची. संध्याकाळी घरी आल्यावर दारातल्या गप्पा ती नवऱ्याला सांगायची. तिच्या कामातलं एवढंच त्याला ऐकायला आवडायचं.

दारातलं काम विद्यार्थ्याचं होतं. विद्यापीठात शिकता शिकता करायची जी कामं असतात, त्यांतलं एक. बरेच दिवस ते एक उंच पोरगा करायचा. बायको त्याला लंबू म्हणायची. लंबूनं सत्राच्या शेवटी एक विषय सोडला, आणि विषय कमी झाले म्हणून तो कामाला अपात्र ठरला. त्याचं नाव निघालं. नवीन विद्यार्थी सुट्टी संपल्यावर मिळणार होता. मध्ये एका टाकीची पातळी उतरली आणि बायको एकटी आत गेली. जाताना ती काय म्हणाली असेल ते सुताराला कोणी सांगायची गरज नव्हती. घरी गॅसवर दूध ठेवून ती कोपऱ्यावरच्या दुकानात जायची, तेव्हाही तेच म्हणायची. पटकन जाऊन येते.

त्यांना एकच मुलगी होती. त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. लहानपणापासून तोंड मिटत नसे, म्हणून आई तिला बडबडी म्हणायची. आदल्या वर्षी दारातलं काम तिनंच मागितलं होतं. "अशी बडबड करायचे पैसे कोण देतं?" असं तिचं म्हणणं. पण ज्या विभागात जवळचा नातेवाईक काम करतो तिथं विद्यार्थ्याला काम मिळत नाही, असा नियम होता. तिला ग्रंथालयात पुस्तकं लावायला पाठवलं. आई तेव्हा किती हसली होती. "आई आहे म्हणून अपात्र. आता माझ्याशी बोलायला तुला परवानगी काढावी लागणार."

आई गेल्यावर बडबडी गप्प झाली. घरात दोघंच, आणि दोघंही भांडी हळू ठेवायचे. आवाज झाला तर स्वयंपाकघरात तिसरं कोणीतरी असल्यासारखं वाटायचं, आणि मग ते नाही हे परत आठवायचं. सुतार रात्री उठून मुलीच्या खोलीच्या दाराशी उभा राहून तिचा श्वास ऐकायचा. ती तान्ही असताना तिची आई असं करायची, आणि तो तिला हसायचा.

सुट्टी संपून सत्र सुरू झालं. एका संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, मला दारातलं काम मिळालं."

"कुठलं दार?"

"आईच्या खोलीचं."

सुतारानं घास खाली ठेवला. "तिथं नातेवाईक चालत नाही ना?"

"आता कुठाय तिथं नातेवाईक?" ती ताटाकडे बघत म्हणाली.

त्यानं घास परत उचलला आणि परत ठेवला. मग तो म्हणाला, "ग्रंथालयात काय वाईट होतं?"

"काही वाईट नव्हतं. मी त्या दिवशी पुस्तकं लावत होते, बाबा. समोरच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. मी दारात असते तर आईला ओढून बाहेर आणलं असतं."

"आत जायचं नसतं."

"माहितीय."

"आई काय सांगायची?"

"माहितीय म्हटलं ना. मला तर तुमच्यापेक्षा जास्त वेळा सांगितलंय." तिनं ताट उचललं आणि नळाखाली धरलं. पाठमोरी होती, तरी सुताराला दिसलं ते दिसलंच. ही आत जाणार. उद्या आतलं माणूस एक क्षण गप्प झालं, तर ही घंटा दाबायला थांबणार नाही.

तेव्हापासून भीतीनं त्याला सोडलं नाही. तळघरात आता दुसऱ्या विभागातून उसना आणलेला एक साहाय्यक आत जायचा. भरायच्या दिवशी सुतार काहीतरी निमित्त काढून त्या बोळात जायचा. कधी कपाटाचं कुलूप, कधी फळा. बोळाच्या टोकाशी बसून तो तेच कुलूप खोलायचा आणि परत बसवायचा. तिकडे मुलगी स्टुलावर बसलेली असायची. खोलीच्या दारात जमिनीवर नवी पिवळी पट्टी मारली होती. भिंतीवर हवा मोजणारं नवं यंत्र लावलं होतं, त्यावर हिरवा दिवा. सुताराचा त्या दिव्यावर विश्वास नव्हता. आधीचाही दिवा हिरवाच होता, म्हणत होते.

"सर, काल कुठला सिनेमा बघितलात?" मुलगी विचारायची.

"बघितला नाही. बायको झोपली."

"मग तुम्ही एकट्यानं बघायचा."

"रिमोट तिच्या उशाखाली असतो."

सुताराला बरं वाटायचं. पोरगी निदान इथं तरी बोलत होती.

एकदा तिनं विचारलं, "सर, तिसरी टाकी झाली का?" आणि उत्तर आलं नाही.

"सर?"

काही नाही. मुलगी उठली. सुतारानं बघितलं, तिची उजवी चप्पल पिवळ्या पट्टीच्या पलीकडे पडली. हात घंटेकडे गेलासुद्धा नाही. सुतार अर्धवट उठला. त्याला पळायचं होतं, आणि पाय जमिनीत पुरल्यासारखे झाले होते.

"अगं हो, झाली," आतून साहाय्यक म्हणाला. "शिंक येत होती, अडकली मेली."

मुलीनं पाय मागे घेतला आणि ती स्टुलावर बसली. आपल्याला कोणी बघितलं हे तिला कळलं नाही. सुताराच्या हातातला स्क्रू बोळात लांब घरंगळत गेला. त्यानं तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थ्यांच्या कामांच्या कचेरीत गेला. तिथला कारकून तोंडपाठ नियम म्हणायचा, म्हणून पोरं त्याला पाढे म्हणायची. तो तसा भला माणूस होता. सुतारानं त्याच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय एकदा दुरुस्त केला होता.

"माझ्या मुलीचं ते काम काढून घ्या," सुतार म्हणाला.

"काढून घ्या म्हणजे? काम बरोबर करत नाही का?"

"तसं नाही. मला नकोय."

कारकुनानं चष्मा वर केला. "मिस्त्रीकाका, ती पात्र आहे. विषय पुरेसे, गुण चांगले, आठवड्याचे तास मर्यादेत. विभागात नातेवाईक..." तो थांबला, आणि मग हळूच म्हणाला, "तोही प्रश्न राहिला नाही."

"बाप म्हणून माझी हरकत आहे, असं लिहून देतो."

"ती सज्ञान आहे. बापाची हरकत नियमात कुठे बसत नाही."

"मग बाप बसतो कुठे?"

"नियमात?" कारकून थोडं हसला. "बाप फक्त नातेवाइकांत बसतो, काका."

सुतार उठला. कारकुनाला वाटलं त्याला राग आला, म्हणून तो मागून चहाला बोलावत राहिला. पण सुताराला राग आला नव्हता. त्याला वाट सापडली होती.

तो तसाच विभागप्रमुख मॅडमकडे गेला आणि म्हणाला, "माझ्या बायकोची जागा रिकामी आहे. ती मला द्या."

मॅडमनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्या दिवशी बोळात भिंतीला टेकून जे उभे होते त्यांत त्याही होत्या, आणि त्यानंतर त्या त्याच्या नजरेला नजर देत नसत. "तुम्हाला? त्या खोलीत?"

"हातानं काम करणारा माणूस आहे. शिकवलंत तर शिकेन."

"तुम्हाला भीती नाही वाटणार?"

"वाटणार," सुतार म्हणाला. "वाटायलाच पाहिजे ना तिथं."

त्याला शिकवलं. मुखवट्यासारखी काच तोंडावर कशी घ्यायची, नळी कशी धरायची, झाकण किती हळू उचलायचं. बायकोचा निळा हातमोजा त्याला बसला. ते मोजे सगळ्यांनाच बसतात, ढगळ असतात, तरी त्यात बोटं घालताना त्याला आतून कोणी हात धरल्यासारखं झालं. नेमणूक झाली त्याच दिवशी मुलीचं नाव निघालं. विभागात जवळचा नातेवाईक. उसना साहाय्यक आपल्या विभागात परत गेला.

संध्याकाळी मुलगी दारातच उभी राहिली, चप्पलसुद्धा काढली नाही.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"आईची जागा घेतलीत. माझीपण घेतलीत."

"तुझा पाय आत पडला होता," सुतार म्हणाला. "मी बघितला."

त्या दिवसापासून ती घरात त्याच्याशी बोलायचीच थांबली. सकाळी त्याचा चहा बशीनं झाकून ठेवायची आणि निघून जायची. सुतारानं तेही चालवून घेतलं. अबोला धरायला माणूस जिवंत असावं लागतं, असं तो स्वतःला सांगायचा.

पण एक गोष्ट त्यानं बघितली नव्हती. एरवी एक फळी काढायची असली, तरी तिच्यावर दुसरं काय टेकलंय ते तो आधी चाचपून बघायचा. इथं त्यानं मुलीला दारातून काढलं आणि दारात मग कोण, याचा विचारच केला नाही. भीतीनं त्याला एकच गोष्ट दाखवली होती, तिची चप्पल.

सुरुवातीला मॅडम स्वतः दारात बसल्या. त्यांना गप्पा जमत नसत. "ठीक?" त्या विचारायच्या. "ठीक," तो आतून म्हणायचा. पुन्हा "ठीक?" पुन्हा "ठीक." पांढऱ्या धुरात वाकून नळी धरताना त्याला वाटायचं, आपण खाली बसलो तरी आपलं तोंड सवयीनं ठीक ठीक म्हणत राहील. मग परीक्षा आल्या, मॅडमना बाहेरगावी जावं लागलं. "कचेरीतून विद्यार्थी पाठवायला सांगते. तोवर एकटे आत जाऊ नका," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि टाक्या कोरड्या पडू देऊ नका. लोकांची संशोधनाची सगळी वर्षं आहेत त्यात."

सुतार पाढ्यांकडे गेला.

"नाही हो काका, कोणीच नाही," कारकून म्हणाला. "ज्यांचं शिक्षण संपलं ते आता विद्यार्थी नाहीत. जे आहेत त्यांची पुढच्या सत्राची नोंदणी झालेली नाही. आणि आता नवा नियम आलाय. त्या खोलीसाठी आधी प्रशिक्षण पाहिजे. ते सुट्टी संपल्यावर."

"हा नियम कधी आला?"

कारकून टेबलावरचे कागद सरळ करायला लागला. "काकूंच्या नंतर," तो म्हणाला.

वॉचमनला विचारलं, तर त्याला फाटक सोडता येत नव्हतं. "तू ओरड ना जोरात," तो म्हणाला. "मी ऐकेन." दोघांनाही माहीत होतं की तळघरातला आवाज फाटकापर्यंत जात नाही. आणि तिथं माणूस ओरडत नाही, हे सुताराला तर माहीतच होतं.

भरायचा दिवस आला. एका टाकीची पातळी रेषेच्या खाली गेली होती. सुतारानं पंखा लावला. लाकडाची एक जाड पाचर त्यानं आदल्या दिवशी घासून आणली होती, ती दाराखाली ठोकली. दार आता वाऱ्यानं काय, धक्क्यानंही बंद होणार नव्हतं. यंत्रावर हिरवा दिवा होता. दारात रिकामं स्टूल होतं.

तो पिवळ्या पट्टीशी उभा राहिला. जायचं नाही हे त्याला कळत होतं. पण टाकी उतरत होती, आणि एकच तर भरायची होती. पटकन जाऊन येऊ, असं त्याच्या मनात आलं. ते शब्द मनात आल्याबरोबर त्याच्या अंगावर काटा आला. ती इथंच उभी होती. याच पट्टीच्या जागी, तेव्हा पट्टी नव्हती इतकंच. तिलाही असंच काहीतरी सोपं वाटलं असेल.

त्यानं पाय आत टाकला.

"काय करताय?"

तो दचकून मागे वळला. स्टूल रिकामंच होतं. आवाज वरून आला होता. खोलीला छताला लागून एक आडवी खिडकी होती, बाहेरच्या जमिनीच्या बरोबरीनं. अपघातानंतर तिची काच काढून नुसती जाळी ठेवली होती. जाळीपलीकडे गवत दिसत होतं आणि गवतावर दोन चपला. उजवीचा पट्टा त्यानंच शिवून दिला होता.

"तू इथं काय करतेस?" त्याचा आवाज फाटला.

"बसलेय."

"बसायचं नाही. तुझं नाव काढलंय."

"कामावरून काढलंय. मी गवतावर बसलेय, बाबा. गवताला पात्रता लागत नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "वॉचमनकाका सांगत होते, तुम्ही सगळ्यांना विचारत फिरताय. मला नाही विचारलंत."

सुतार काही बोलला नाही.

"उत्तर द्या," ती लगेच म्हणाली. आवाज बदलला होता. "गप्प नाही राहायचं."

"देतो. देतोय."

"कुठली टाकी?"

"भिंतीकडची."

"झाकण काढलं?"

"आता काढतो." त्यानं तोंडावर काच ओढली, झाकण हळू उचललं. पांढरा धूर टाकीच्या काठावरून उतरून त्याच्या पायाशी पसरला. पायांना थंडी चावली. "ऐक," तो म्हणाला. "माझं उत्तर नाही आलं तर तू आत यायचं नाहीस. फाटकाकडे पळायचं. वॉचमनला सांगायचं, अग्निशामकवाल्यांना बोलवायचं. तू दारापर्यंतसुद्धा यायचं नाहीस. कबूल?"

"किती भरली?"

"अर्धी. मी काय विचारलं?"

"काल भाजीत मीठ जास्त झालं होतं. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलत नव्हतीस म्हणून. बडबडे, कबूल कर आधी."

वरून काही आलं नाही. सुतारानं मान वर केली. चपला जागेवर होत्या. जाळीला तिची बोटं दिसली, घट्ट धरलेली, टोकं पांढरी पडलेली.

"भरली का?" ती म्हणाली.

"भरली. झाकण लावलं."

"मग बाहेर या. बोलत बोलत या."

तो बोलत बोलत बाहेर आला. काय बोलला ते त्याला नंतर आठवलं नाही, बहुतेक मिठाबद्दलच. पट्टी ओलांडून तो स्टुलावर बसला. वर गवतावर तिनं नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग चपलांचा आवाज लांब गेला.

त्यानंतर दर भरायच्या दिवशी ती गवतावर येऊन बसते. घरीही आता बोलते, थोडंथोडं. तो दर वेळी तेच विचारतो आणि ती दर वेळी टाकी कुठली ते विचारते.

दारातलं स्टूल अजून रिकामं आहे, आणि आत येणार नाही असं तिनं अजून कबूल केलेलं नाही.